रेडिओबाईंची चूकभूल

इस्त्रीवाल्या मावशींनी कानातलं यंत्र काढलं, पदराला पुसलं आणि धाकटीच्या टेबलावर ठेवून दिलं.

"घे परत. आता ऐकण्यासारखं काही उरलं नाही."

धाकटीला वाटलं, साचा टोचत असेल. कानाचा ठसा घ्यायचा, त्यावरून यंत्राचा साचा करून आणायचा, मग कुणाला तो घट्ट होतो, कुणाच्या कानातून गळून पडतो. हे तिचं रोजचंच काम.

"दुखतंय का मावशी? जरा घासून देते."

"कान नाही दुखत. तुझ्या आईनं दुखवलं."

कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आईला जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते.

"रविवारी रेडिओवर म्हणाली, कुलूप नव्हतंच. माझी चूक झाली म्हणाली. कंपनीची माफी मागितली! बाईसारखी बाई, आणि अशी फिरावी?"

"मावशी, आई रविवारी कशी बोलेल? तुम्ही स्वतः आला होतात तिला पोचवायला."

"आले होते ना. म्हणून तर आधी वाटलं, जुनंच लावलं असेल. पण ती शुक्रवारी लागलेल्या सिनेमाबद्दल बोलत होती. तो बघायला ती गेली कधी? आणि आवाज कसा, स्वच्छ! तिचं बोलणं मला कधी इतकं नीट कळलं नव्हतं." मावशींनी नाक ओढलं. "म्हणतात ना, मेल्या म्हशीला मणभर दूध."

बाकावरच्या लोकांना धाकटीने थोडं थांबायला सांगितलं आणि ज्या खोलीत ती इतरांचे कान तपासायची, त्या खोलीत फोन घेऊन स्वतःच जाऊन बसली. भिंतींना जाड स्पंज, दाराला दुहेरी रबर. दार लावलं की स्वतःच्या गळ्यातली नाडीसुद्धा ऐकू येते.

आई गेल्यापासून तिने रेडिओ लावला नव्हता.

आईचा कार्यक्रम होता 'इकडचं तिकडचं'. नावाप्रमाणेच त्यात कशाचा कशाला मेळ नसायचा, आणि तरी बसायचा. एखाद्या नटीने साखरपुडा मोडला, इथून सुरुवात व्हायची. तिथून गाडी डॉल्फिनवर जायची, की डॉल्फिन झोपतो तेव्हा त्याचा अर्धाच मेंदू झोपतो, दुसरा अर्धा जागा असतो. "हे शास्त्रज्ञांना हल्ली कळलं, तान्ह्या पोरांच्या आयांना कधीपासून ठाऊक आहे," असं म्हणून ती रात्रपाळीच्या परिचारिकांच्या प्रश्नावर यायची. शेवटी ऐकणाऱ्यांचे फोन. लांबण लावणाऱ्याला आई तोडून टाकायची. "कळलं हो. पुढचा!"

आणि सगळ्यात आधी, अगदी गाण्याच्याही आधी, 'चूकभूल'. मागच्या आठवड्यात आपण काय चुकीचं बोललो, ते आई स्वतःच्या तोंडाने सांगायची. "मागच्या वेळी मी म्हटलं, सरडा लपण्यासाठी रंग बदलतो. ते तितकंसं खरं नाही. पुष्कळदा तो राग दाखवायला बदलतो, किंवा ऊन खायला. तेव्हा पुढाऱ्यांना मी सरडा म्हटलं, त्याबद्दल सरड्यांची माफी मागते." लोक एक वेळ बातम्या चुकवत, पण चूकभूल चुकवत नसत. घरीही तोच नियम होता. जेवताना प्रत्येकाने दिवसभरातली आपली चूक सांगायची. दुसऱ्याची सांगायची नाही. "ज्याची जीभ घसरली, त्यानंच ती सावरायची," आई म्हणायची. दादाला कधी चूक आठवायचीच नाही.

धाकटीने फोनवर रविवारचा कार्यक्रम लावला.

"नमस्कार मंडळी," आई म्हणाली.

धाकटीने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. आवाज आईचाच होता. वरच्या पट्टीत किंचित चिरकणारा, 'मंडळी'तल्या 'ळी'वर रेंगाळणारा. आईला स्वतःचा आवाज टेपवर ऐकायला मुळीच आवडायचं नाही, कारण आपला आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, टेपवर तो हाडांतला भाग नसतो. म्हणून तो परक्याचा वाटतो. धाकटीला आज तो परक्याचा वाटला नाही, आणि याचीच तिला भीती वाटली. मग हळूहळू तिच्या कानाला कळू लागलं. आई श्वास घेत नव्हती. म्हणजे श्वास होता, पण जिथे वाक्य तोडायचं तिथे नीट बसवलेला. आईचा श्वास नेहमी भलत्याच जागी पडायचा, घाईघाईत जिना चढून आल्यासारखा.

"आज चूकभूल जरा मोठी आहे," आवाज म्हणाला. "धुलाई कंपनीच्या दाराला बाहेरून कुलूप असतं, असं मी मागे म्हटलं होतं. ती माझी चूक होती. ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवला. कंपनी बायकांची किती काळजी घेते, हे मला आता समजलं आहे."

त्यानंतर कंपनीची जाहिरात लागली.

हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणारा तो कारखाना धाकटीला आईच्या बोलण्यातून ठाऊक होता. वाफेचे रोलर, त्यांत चादर सरकवणाऱ्या बायका, आणि असा गोंगाट की शेजारणीशीही हातवाऱ्यांनी बोलावं लागे. कानाच्या आतली बारीक केसांसारखी पेशी अशा गोंगाटाने एकदा मेली की माणसात पुन्हा उगवत नाही, पक्ष्यांत उगवते. हे आईने त्याच कार्यक्रमात सांगितलं, तेव्हा कारखान्यातल्या बायका हसून म्हणाल्या होत्या, पुढचा जन्म कोंबडीचा मिळू दे. त्याच बायकांना कामाची पाळी संपेपर्यंत कोंडून ठेवत. चादरी चोरीला जाऊ नयेत, असं कारण होतं. लघवीला जायचं तर मुकादमाला फोन. आई ते कुलूप बघून आली, हाताने ओढून आली आणि मगच बोलली. त्यावर बायकांनी कुठे कुठे अर्ज केले होते. आता कंपनी म्हणणार, तुमच्या रेडिओबाईंनीच तर शब्द मागे घेतला.

दादा गाडी चालवायला शिकवत असे. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात धाकटीने त्याला गाठलं, तर तो म्हणाला, "बस. चालव. बोलत बोलत जाऊ, पेट्रोल तरी सत्कारणी लागेल." स्वतः तो शेजारच्या जागेवर बसला, जिथे त्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता.

"आईचा आवाज तू दिलास रेडिओ स्टेशनला?"

"परवानगी दिली. आवाज त्यांच्याकडे होताच, इतक्या वर्षांचा. तोच त्यांनी कॉम्प्युटरला शिकवला." दादाने काच खाली केली. "कार्यक्रम बंद पडला असता गं. लोकांना ती हवी होती. मलाही हवी होती. त्यात काय बिघडलं?"

"मला विचारलं नाहीस."

"तू फोन उचलत होतीस कुठे? शोक करायचा मक्ता तुझ्याकडेच आहे ना! आम्ही आपले कागद, बँका आणि भेटायला येणारे सांभाळत बसलो."

हे खोटं नव्हतं. धाकटीने गिअर बदलला.

"रविवारी ऐकलंस?"

"नाही." तो बाहेर बघत म्हणाला. "एकदाही नाही. लावायला गेलो की हात..." मग एकदम गुरुजींच्या आवाजात, "आरसा बघ, आरसा! मागून टेम्पो आहे."

"त्यात आई म्हणाली की कुलूप नव्हतं. ऐकीव गोष्ट होती म्हणे."

गाडी करकचून थांबली. धाकटीचा पाय ब्रेकवर नव्हता.

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नबरोबर आणखीही बरंच काही ऐकवलं. दादाला ते ऐकू गेलंसं दिसलं नाही.

"ऐकीव कसली? मी नेलं होतं तिला. या गाडीतून. कुलपाला हात लावून आली, तर हाताला ग्रीस लागलं होतं, आणि या सीटला पुसलं तिनं. मी ओरडलो तिच्यावर."

"मग स्टेशनला तसं सांग."

दादाने सीटवरून हात फिरवला. मग म्हणाला, "परवानगी काढून घेतली की ते तिचं सगळं रेकॉर्डिंग पुसणार. तसं ठरलंय. मग काहीच उरणार नाही, कळतंय का तुला शहाणे? आपल्याकडे तिचं काय आहे? चष्मा, चपला आणि तुझी बडबड."

"तू नाही म्हणतोयस?"

"मी काहीच म्हणत नाहीये. उतर. माझी शिकाऊ उभी आहे."

स्टेशनचा मालक पूर्वी स्वतः निवेदक होता, त्यामुळे 'बसा' हा शब्दसुद्धा तो ऐकत राहावासा म्हणत असे. धाकटीचं म्हणणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लोकांनी काय तक्रार केली माहितेय ताई? कार्यक्रम छान आहे, पण चूकभूल नाही. आता यंत्र चुका करत नाही, निदान कबूल करत नाही. मग चूक आणायची कुठून? जाहिरातदाराने एक सुचवली."

"ती चूक नव्हती."

"असं तुम्ही म्हणता. ते वेगळं म्हणतात. आपण मध्ये कोण?" तो हसला. "आणि रागावू नका, पण तुम्ही एकदा तिच्याशी बोलून बघा. फोनसुद्धा आता तीच घेते. रविवारी इथे माणूसच लागत नाही. आमचा ढापण्या बसायचा ना फोन निवडायला, त्याला रेकॉर्डच्या खोलीत पाठवलं. मीसुद्धा रविवारी गावाबाहेर असतो. बोला, बोला."

त्याने माइक पुढे सरकवला. धाकटीला उठून जायचं होतं. ती उठली नाही. नंतर कितीदा आठवलं तरी, त्या क्षणी आपण का उठलो नाही याबद्दल तिने स्वतःशी खोटं बोलायचं टाळलं. तिला बोलायचं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी संसार मोडला, ते बरोबर केलं का?"

"तू अगदी बरोबर केलंस, बाळा," आई म्हणाली. "तुझ्या भावना मी समजू शकते."

खऱ्या आईने या प्रश्नावर धाकटीशी कित्येक महिने अबोला धरला होता आणि शेवटी म्हटलं होतं, "कपाट घेताना तू याहून जास्त दुकानं हिंडतेस." मग रात्रीचं जेवण दोघींनी एका ताटात घेतलं होतं. आईने आयुष्यात तिचं इतक्या झटकन कधीच ऐकलं नव्हतं.

ती पुन्हा माइककडे वाकली. "नाही आई. चुकलंच माझं. मोडायला नको होता."

"तू म्हणतेस ते खरं आहे, बाळा. ती चूकच होती."

"बघा," मालक म्हणाला, "किती समजूतदार!"

"हो," धाकटी उठत म्हणाली. "मान डोलावण्यात नंदीबैलाच्या वर आहे."

रविवारी क्लिनिक बंद असायचं, पण त्या रविवारी धाकटीने ते उघडलं. इस्त्रीवाल्या मावशी कारखान्यातल्या बायकांना घेऊन आल्या. बाक पुरेना, तेव्हा दोघी वजनकाट्यावर टेकल्या. चादरी घडी करणारी एक तरुण पोरगी होती, जिला सगळ्या 'भोंगा' म्हणत. धाकटीने यंत्राबद्दल सांगितल्यावर ती टाळी वाजवून म्हणाली, "मग सोप्पंय! फोन करायचा आणि म्हणायचं, बाई, कुलूप होतं. ती म्हणणार, हो हो, होतं. संपला विषय. बाईंच्याच तोंडून वदवून घेऊ."

"नाही," धाकटी म्हणाली.

"अहो का? तिनंच फिरवलं, तीच पुन्हा फिरवेल."

"आणि पुढच्या रविवारी कंपनी तिसऱ्यांदा फिरवेल. ती माझी आई नाही. तिच्या 'हो'ला किंमत नाही आणि 'नाही'लाही नाही. खरं बोललं तरी ते तिचं नाही."

"मग फोन करायचा कशाला?"

"बोलायला. तुम्ही बोलायचं. आईच्या पुढ्यात लांबण लावली की ती तोडायची. हे यंत्र कुणालाच तोडत नाही. आणि स्टेशनवर आज तोडायला कुणी नाही."

गल्लीत कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली, ती अर्ध्या बायकांना ऐकू आली नाही.

"म्हणजे आमच्या आवाजात?" रोलरवाली म्हणाली. ती चाळिशीची होती आणि आतापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. "मुकादम माझा आवाज ओळखतो. सोमवारी कामावर उभी करेल का मला?"

"नाही करणार कदाचित," धाकटी म्हणाली. तिला याहून बरं काही सांगता आलं नाही. "नाही बोललात तरी मी कुणाला नावं ठेवणार नाही. मी तर बोलणारच आहे, पण मी ते कुलूप पाहिलेलं नाही."

"मी निवृत्त आहे," मावशी म्हणाल्या. "माझं काय वाकडं करतोय मुकादम? कान तर आधीच खाल्ले त्याने. आण इकडे फोन."

पहिला फोन मावशींनी लावला. कपाटावर मोठ्या आवाजात लावलेल्या रेडिओतून त्यांचाच आवाज परत येऊ लागला, तशी त्या दचकल्या आणि आणखी मोठ्याने बोलू लागल्या. किती वर्षं काम केलं, कुलूप कुठल्या बाजूला असायचं, एका बाईला कळा आल्या तेव्हा दार उघडायला किती उशीर झाला, सगळं सांगितलं. मधेमधे रेडिओबाई म्हणत होत्या, "तुमच्या भावना मी समजू शकते."

"तू नको समजूस!" मावशी ओरडल्या. "तू गप बस. मी लोकांना सांगतेय."

"तुम्ही अगदी बरोबर म्हणता," यंत्र म्हणालं.

भोंग्याला हसू आवरेना. तिने तोंडात ओढणी कोंबली आणि तशीच दुसरा फोन लावून बोलली. तिच्या मागून आणखी एकजण बोलली. एक फोनपर्यंत आली आणि "नको बाई, पोरं आहेत," म्हणून परत बसली. तिला कुणी काही म्हटलं नाही. मग रोलरवाली उठली. तिचा आवाज इतका बारीक होता की रेडिओवर तो जेमतेम उमटत होता.

"मी आत्ता तिथं कामाला आहे," ती म्हणाली. "जुनं सांगत नाहीये. काल होतं कुलूप. उद्याही असेल. ज्याला खोटं वाटतं त्यानं उद्या दुपारी मागच्या दाराशी यावं."

ती फोन ठेवून खाली बसली. मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

धाकटीने फोन उचलला. काय बोलायचं ते तिने मनात ठरवलं होतं. पण लाइन दुसऱ्या कुणाला तरी लागली होती. रेडिओवर एक घसा खाकरला आणि तिने तो ओळखला.

"मी रेडिओबाईंचा मुलगा," दादा म्हणाला. मागून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. "गाडीत बसून ऐकतोय. या बायका म्हणतात ते खरं आहे. आईला त्या कुलपापाशी मी नेलं होतं. तिचा आवाज वापरायची परवानगी मीच दिली होती. ती चूक होती. माझी. परवानगी मी परत घेतोय. सगळ्यांसमोर सांगतोय म्हणजे नंतर कुणी ऐकलं नाही असं व्हायला नको."

"तुमचा निर्णय अगदी योग्य आहे," आई म्हणाली. "तुमच्या भावना मी सम—"

आणि आवाज बंद झाला. गाणं नाही, जाहिरात नाही. कुठूनतरी कुणीतरी बटण दाबलं होतं.

कपाटावरचा रेडिओ नुसता खरखरत राहिला. धाकटी त्याच्याकडे बघत उभी होती. दोन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलात ती आईच्या उशाशी होती, आणि शेवटी आई काही बोलली नव्हती. आता तेही पुन्हा झालं, आणि या वेळी तिने स्वतः ते घडवून आणलं होतं. तिने पुढे होऊन रेडिओचा आवाज थोडा वाढवला. खरखर मोठी झाली. मग तिने तो बंद केला.

"बंद पडला का गं?" मावशींनी विचारलं.

"बंद पाडला, मावशी."

"बरं केलंस." मावशींनी टेबलावरचं आपलं यंत्र उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि कानात घातलं. "शिटी वाजतेय. नंतर घासून दे."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. स्टेशनच्या मालकाचा होता. तिने तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि बायका खुर्च्या ओढून भोवती जमल्या. रोलरवालीही आली. पलीकडचा आवाज आज तितकासा ऐकत राहावासा नव्हता. काय लावलंय हे, कायदा म्हणून काही आहे की नाही, कंपनीचे वकील, तुमची नुकसानभरपाई, या बायकांची नावं मला आत्ताच्या आत्ता.

धाकटी फोनवर वाकली.

"जरा मोठ्याने बोला साहेब," ती म्हणाली. "इथे सगळ्यांना कमी ऐकू येतं."